कोलवाळच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताना खातं चालू हवं

आमच्या वाड्यावरचा एक मुलगा गोव्यातल्या आग्वादच्या तुरुंगात गेला आणि कोलवाळच्या तुरुंगातून बाहेर आला. मुलगा म्हणते खरी, पण आता तो चाळिशी ओलांडलेला बाप्या आहे. तो आत असतानाच, 2015 साली, आग्वादचे कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात हलवले. आणि बाहेर तोवर पैशाचं रूपच बदलून गेलं.

सुटून आला त्या रात्री त्याने माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. आत जाण्याआधी रंगकामाच्या मजुरीतून साठवलेले साडेअकरा हजार त्यात होते, घरात कोणाला न सांगता ठेवलेले. पाचशेच्या 23 जुन्या नोटा. नोव्हेंबर 2016 ची नोटबंदी त्याला आत कळली होती, पण पेटीचं सांगणार कोणाला? सकाळी तो त्या नोटा घेऊन माझ्याकडे आला. बत्तीस वर्षं बँकेत काउंटरवर काढलेली मी, ‘याचं आता काही होत नाही रे’ एवढं वाक्य बोलायला मला वेळ लागला.

सुटणाऱ्या माणसाला कसब द्या, काम द्या, असं सगळे म्हणतात. द्यायलाच हवं. पण पहिली मजुरी जमा व्हायला खातं नसेल, तर ती पुन्हा पेटीतच जाणार.

त्याचं जुनं खातं होतं. दोन वर्षं खातेदाराने व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. ते चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही आणि निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावू शकत नाही. दहा वर्षं झाली तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण बुडत नाही, आपल्या बँकेकडे मागता येते. हे त्याला कोणी सांगितलंच नाही. शाखेतून त्याला तीनदा परत पाठवलं. आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं, ओटीपी येणार कुठे? शेवटी ‘एवढी वर्षं होता कुठे?’ हा प्रश्न भरल्या रांगेत, मोठ्या आवाजात. तो उत्तर न देता घरी आला. काउंटरमागे मीही बसलेली आहे, म्हणून मला हे जास्त लागलं.

खरं तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत कैद्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पुरेशी कागदपत्रं नसतील तरी ‘छोटं खातं’ निघतं. कैदी तुरुंग अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करतो, अधिकारी तो प्रमाणित करतो. शिल्लक 50,000 पर्यंत, महिन्याला 10,000 काढता येतात. सुरुवातीला एवढं पुरे.

आणि बँकेचे हे व्यवहार कैद्याला शिकवणं ‘सुटकेआधी तीन महिने’ असं ठेवून भागणार नाही. देशातल्या तुरुंगांत चारांतले सुमारे तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, आहेत. त्यांचा जामीन कुठल्या दिवशी होईल ते त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून खातं, आधार, वारस नोंद ही कामं माणूस आत आल्यावरच सुरू झाली पाहिजेत, आणि मजुरी त्याच खात्यात पडली पाहिजे. महिन्याला एकदा पासबुक हातात आलं की निम्मी शिकवणी तिथेच होते.

बाहेर त्याची वाट बघणारे लोक असतात, आणि त्यांचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते. महिनाभरात एक जण त्याच्याकडे आला: नवं खातं काढ, पासबुक, कार्ड आणि सिम मला दे, पाच हजार घे. त्याला ते साधं भाडं वाटलं. खातं भाड्याने देता येत नाही! फसवणुकीचे पैसे त्यातून फिरतात आणि पोलीस येतात ते खात्यावरच्या नावाकडे. आधीच शिक्षा भोगलेल्या माणसाचं ‘मला माहीत नव्हतं’ कोण ऐकणार? तो विचारायला आला, म्हणून वाचला.

घरी दुसरंच दुखणं निघालं. त्याच्या वकिलासाठी आईने 50,000 घेतले होते, शेकडा पाचने. ‘पाच टक्के म्हणजे काय मोठं’ असं ती माउली म्हणायची. मी कागद घेऊन बसले. महिन्याला अडीच हजार, वर्षाला तीस हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. वर्षाला साठ टक्के! दोघं त्या आकड्याकडे नुसती बघत राहिली. केंद्राची 2023 ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, जामिनासाठी आणि दंडासाठी मदत मिळू शकते. ज्यांचं माणूस आज आत आहे त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. कृपा करून सावकाराकडे जाण्याआधी विचारा.

त्याचं खातं आता चालू आहे. म्हापशात रंगकामाला जातो, मजुरी खात्यात घेतो, आईचं मुद्दल थोडं थोडं उतरवतो. वीस रुपयांचा अपघात विमाही मी त्याला घ्यायला लावला. परवा संध्याकाळी पायरीवर येऊन त्याने फोन पुढे केला, ‘ताई, वीस रुपये कापलेत. हे ते विम्याचेच ना?’

विम्याचेच होते.