हाँगकाँगच्या काडीने साथीचे भाकीत केले नव्हते

हाँगकाँगच्या शा तिन भागातील छे कुंग मंदिराविषयी एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. चिनी देवळात भविष्य जाणण्यासाठी काढतात ती बांबूची काडी कधीच चुकत नाही. २००३ मध्ये तिने सार्सची साथ आधीच सांगितली होती. आणि काडीसोबतच्या जुन्या कथा ही केवळ सजावट आहे, असे त्यात म्हटलेले असते. या तिन्ही गोष्टी मला चुकीच्या वाटतात, आणि तिसरी तर त्या परंपरेवर अन्याय करणारी आहे.

त्या वर्षी चांद्र नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी गृहखात्याचे सचिव पॅट्रिक हो यांनी शहरासाठी काढलेली काडी निकृष्ट, म्हणजे अशुभ प्रतीची निघाली आणि पुढे सार्सने हाँगकाँगमध्ये २९९ माणसे दगावली, इतके खरे आहे. परंतु शेजारच्या ग्वांगडोंग प्रांतात हा आजार नोव्हेंबर २००२ पासूनच पसरत होता, आणि काडीसोबतच्या कवितेत यांगचौ शहराकडे निघालेल्या नावेला वाटेत लाटांचा मार बसतो, रोगाचा उल्लेखही नाही. साथ येऊन गेल्यावर नावेचा अर्थ साथ असा लावला गेला. उलट २०२० मध्ये, कोविडच्या तोंडावर, त्याच मंदिरात मध्यम प्रतीची काडी निघाली होती. तिची आठवण मात्र कोणी पुढे पाठवत नाही.

काडी चुकत नाही, असे तर भाविकही धरून चालत नाहीत. या विधीला कँटोनीज भाषेत ‘काउ चिम’, म्हणजे काडी मागणे, म्हणतात (कोकणातल्या आपल्या ‘कौला’शी उच्चार जुळतो, पण शब्दांचा संबंध नाही). गुडघे टेकून बांबूचे नळकांडे हलवायचे, एक काडी बाहेर पडली की तिच्या क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची. अनेक देवळांत, विशेषतः तैवानमध्ये, त्यानंतर चंद्रकोरीच्या आकाराचे दोन ठोकळे जमिनीवर टाकून हीच काडी खरी का, असे देवाला पुन्हा विचारतात. एक ठोकळा सपाट बाजूने आणि दुसरा फुगीर बाजूने वर पडला, तरच होकार मानतात. नाहीतर दुसरी काडी काढावी लागते.

आता कथांविषयी, कारण खरा ऐवज तिथेच आहे. हाँगकाँगच्याच वाँग ताई सिन मंदिरातल्या शंभर काड्यांपैकी पहिली सर्वोत्तम मानली जाते आणि तिच्यावर प्राचीन चीनमधल्या जियांग झियाची कथा आहे. सरळ गळ टाकून नदीकाठी बसलेल्या या माणसाला राजा वेन भेटला आणि मंत्रिपद मिळाले, तेव्हा तो वृद्ध झाला होता. म्हणजे सर्वांत शुभ काडीसुद्धा झटपट यशाचे नव्हे, तर आयुष्यभराच्या धीराचे उदाहरण पुढे ठेवते.

छे कुंग मंदिरात २००९ मध्ये निघालेली निकृष्ट काडी याहूनही बोलकी आहे. छिन राज्याच्या राजाने चीनची लांब भिंत व्यर्थ बांधली, संकट येते ते स्वतःच ओढवलेले असते, असे तिची कविता सांगते. या राजाविषयी प्राचीन चिनी इतिहासकार सीमा छियानच्या ग्रंथात एक प्रसंग आहे. ‘छिनचा नाश हू करील’ असे भाकीत सम्राट छिन शी ह्वांगला मिळाले. ‘हू’ म्हणजे उत्तरेकडील टोळ्या, असे समजून त्याने सेनापती मंग थियानला तीन लाख सैन्यासह तिकडे धाडले. प्रत्यक्षात राज्य कोसळू लागले ते ज्याच्या नावातच ‘हू’ आहे त्या त्याच्याच मुलाच्या, हूहाईच्या कारकिर्दीत. भाकिताचा हवा तो अर्थ काढून फसलेल्या राजाचे नाव ज्या काडीवर आहे, तिच्यातला ‘निकृष्ट’ एवढाच शब्द वाचून लोक घाबरतात आणि कविता तशीच बाजूला ठेवतात.