"ह्येचा मूळ खंय आसा?"

मागच्या मे महिन्यात आमच्या वाडीच्या तळीवर श्रमदान झालं. दाताळी, घमेली, वर वडापाव. तीन तासांत तळी लख्ख. फोटो टाकले, लाइकही भरपूर आले. नवरात्रात बघतो तर पाणी कुठे दिसेना, काठापासून काठापर्यंत हिरवी सतरंजी.

चूक आमचीच. आम्ही उपटली ती कुमुदिनी. चिखलात मूळ धरणारी, झालरीची पांढरी फुलं येणारी, इथलीच. आणि "शेवाळ" म्हणून जे कोपऱ्यात राहू दिलं, त्याला मोकळं पाणी आणि ऊन आयतंच मिळालं. शेजारच्या काकींनी मूठभर उचलून एवढंच विचारलं, "बाबू, ह्येचा मूळ खंय आसा?"

मूळ नाहीच! हे साल्व्हिनिया, ब्राझीलकडचं तरंगतं नेचं. पानं तीन-तीनच्या जुडीत. दोन वर तरंगतात, तिसरं पाण्याखाली केसाळ होऊन मुळाचं सोंग घेतं. वरच्या पानावर पाणी टाका, अळवावरल्यासारखं घरंगळतं. भिंगातून बघितलं तर पानावर बारीक केस, चार-चार टोकाशी जुळलेले, हुबेहूब ताकाची रवी. रवी दिसली की वाद मिटला.

पेपरवाले पाण्यावरच्या सगळ्या हिरव्याला जलपर्णी म्हणतात. जलपर्णीचा देठ फुगीर असतो, फूल जांभळं आणि वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. ती वेगळी पीडा.

साल्व्हिनिया वांझ आहे, बी धरत नाही. पण कोंब असलेला तुकडा तुटला की त्याचं नवं झाड. म्हणजे दाताळ्याने ओढाओढ करून आम्ही लावणीच केली! शिवाय काढलेला ढीग पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर ठेवला, तो पहिल्या पावसात खालच्या वाडीला पोचला. तिथल्या लोकांना अजून तोंड दाखवलेलं नाही.

आलं कुठून? कोणी कबूल होणार नाही, पण फिशटँकचा कंटाळा आला की तो तळीतच रिकामा होतो.

केरळात १९८०च्या दशकात ब्राझीलचाच एक दोन मिलिमीटरचा भुंगेरा सोडून हे आटोक्यात आणलं होतं. तो अभ्यासकांचा प्रांत, उगाच कोणी बाटलीतून किडे आणू नयेत. आम्ही यंदा एप्रिलमध्येच, पाणी कमी असताना, बांबूचा अडसर टाकून जाळीने अलगद गोळा करणार आणि वर कातळावर नेऊन कडक वाळवणार. टोपल्यांपाशी काकींना बसवायचं ठरलंय. मूळ असलेलं काही आलं तर ते परत पाण्यात.