क्लोझर निवडताना आधी वॉक मोजा

बेसबॉलमध्ये एखाद्या संघाचा क्लोझर लागोपाठ दोन-तीन सामने घालवून बसला की चाहते एका सुरात म्हणतात, "याच्यात आता दम उरला नाही." मग त्याच्या जागी कोण, हा प्रश्न निघाला की उत्तरही ठरलेलं असतं, "ज्याने हे काम आधी केलंय त्यालाच द्या." मला या दोन्ही वाक्यांचा मनापासून राग येतो. मी बॉस्टनजवळ राहते, रेड सॉक्स या इथल्या संघाचे सामने बघते, आणि माझं हे मत पक्कं झालं ते २०१३ च्या हंगामात.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सामना नऊ इनिंगचा. संघ एक ते तीन धावांनी पुढे असला की शेवटची इनिंग टाकायला जो ठरलेला पिचर, म्हणजे गोलंदाज, येतो, तो क्लोझर. आपल्याकडे शेवटच्या षटकांत धावा वाचवायला बुमराहच्या हाती चेंडू देतात, तसंच काहीसं. पण बुमराहने त्याआधी एक-दोन षटकं टाकलेली असतात. क्लोझर मात्र सगळा सामना बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांच्या जागेत, बसून काढतो आणि थेट शेवटच्या तीन आउटसाठी मैदानात येतो. आघाडी राखली तर त्याच्या नावावर 'सेव्ह', घालवली तर 'ब्लोन सेव्ह'.

हा सेव्हचा आकडा शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी काढला आणि १९६९ पासून तो अधिकृत झाला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला जवळजवळ फक्त नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायला सुरुवात केली. एकर्स्लीने १९९२ मध्ये ५१ सेव्ह केले, साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि एमव्हीपी (सर्वांत मोलाचा खेळाडू) हे दोन्ही पुरस्कार मिळवले, आणि सगळ्या संघांनी तोच कित्ता गिरवला. तेव्हापासून सेव्ह ज्याच्या नावावर, पैसा त्याला, आणि 'अनुभवी' हा शिक्काही त्यालाच. आठव्या इनिंगला बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्याच्या वाटेतल्या टप्प्यांवर, तीन माणसं असताना येऊन संघाला बाहेर काढणारा पिचर मात्र कितीही चांगला असो, त्याच्या नावापुढे सेव्ह नसतो. म्हणून क्लोझर बदलायची वेळ आली की त्याच्याकडे नजर जातच नाही.

बॉस्टनने नेमकं हेच केलं होतं. २०१२ मध्ये संघ ६९ जिंकून ९३ हरला आणि आपल्या गटात तळाला गेला. अँड्र्यू बेली हा आदल्याच हिवाळ्यात ओकलंडहून आणलेला क्लोझर, २००९ चा सर्वोत्तम नवोदित. पण दुखापतींनी बेजार. म्हणून २०१२ च्या डिसेंबरमध्ये पिट्सबर्गकडून जोएल हॅनरहन आणला. का? तर २०११ मध्ये ४० सेव्ह, २०१२ मध्ये ३६. याच दोन वर्षांत त्याचे वॉक दुपटीहून जास्त झाले होते, म्हणजे बॅटरला फुकटात पहिल्या बेसवर पाठवण्याचं प्रमाण. ते कुणी मनावर घेतलं नाही. बदल्यात जे खेळाडू दिले त्यात मार्क मेलॅन्सन होता. बॉस्टनमध्ये त्याचं एक वर्ष वाईट गेलं होतं, तेवढ्यावर त्याचा निकाल लागला. तोच मेलॅन्सन पुढे २०१५ मध्ये पिट्सबर्गसाठी ५१ सेव्ह करून गेला.

त्याच डिसेंबरमध्ये कोजी उएहाराला एका वर्षासाठी साडेबेचाळीस लाख डॉलरवर घेतलं होतं. क्लोझर म्हणून नव्हे, आधीच्या इनिंगांसाठी. वय जवळपास ३८. फास्टबॉल ताशी ८९ मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण १४३ किलोमीटर. ज्या खेळात क्लोझर म्हटला की ९५-९८ मैलांचा राक्षस डोळ्यांसमोर येतो, तिथे याला कोण विचारणार?

मे महिन्यात हॅनरहनच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि तो संपूर्ण हंगामातून बाहेर पडला. काम बेलीकडे आलं. जूनमध्ये बेली ढासळला. २० जूनला डेट्रॉइटमध्ये बॉस्टन एका धावेने पुढे असताना जॉनी पेराल्टाने त्याला होमरन (चेंडू थेट कुंपणापार) मारून सामना तिथल्या तिथे संपवला. मॅनेजर जॉन फॅरल यांनी लगेच बेलीला हटवलं आणि उएहाराला नववी इनिंग दिली. म्हणजे तिसऱ्या खेपेला. उत्तर घरातच होतं, आणि तिथे पोहोचायला संघाला एक शस्त्रक्रिया आणि हातातून गेलेले सामने लागले.

पुढचं ज्यांनी पाहिलंय ते विसरूच शकत नाहीत. त्या हंगामात उएहाराने ७४ इनिंगांहून थोडी जास्त गोलंदाजी केली. १०१ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर, आणि वॉक फक्त ९. नऊ! ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एका टप्प्यावर त्याने सलग ३७ बॅटर बाद केले, मधे एकही बेसवर पोहोचला नाही. फास्टबॉल आणि स्प्लिटर हा दुसरा चेंडू सारख्याच हाताने यायचे, आणि बॅटरपाशी येता येता स्प्लिटर खाली जायचा. बॅटर हवेत बॅट फिरवून मोकळा. वेग नव्हता, पण चेंडू हवा तिथेच पडायचा. एका धावेच्या आघाडीत मला असाच माणूस हवा. होमरन कुणालाही बसतो. पण आधी दोघांना फुकट बेसवर चढवलेलं असेल तर त्याच होमरनची किंमत तिप्पट होते.

डेट्रॉइटची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तेही त्याच जूनमध्ये याच खड्ड्यात होते. होजे वाल्वेर्देने २०११ मध्ये ४९ पैकी ४९ सेव्ह केले होते. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तो कोसळला. आधी ओकलंडविरुद्ध आघाडी घालवली, मग न्यू यॉर्कच्या यांकीजविरुद्ध नवव्या इनिंगला चार धावांची आघाडी पुसून टाकली. तेव्हा मॅनेजर जिम लेलँड यांनी फिल कोककडून शेवट करून घेतला. एवढं पाहूनही २०१३ च्या एप्रिलमध्ये डेट्रॉइटने पुन्हा वाल्वेर्देलाच बोलावलं. त्याने हे काम आधी केलंय ना! जूनमध्ये त्याला काढावं लागलं आणि होआकिन बेन्वा क्लोझर झाला. तोही बुलपेनमध्येच बसलेला होता, आधीपासून.

हे दोन्ही संघ ऑक्टोबरमध्ये अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत भिडले. दुसरा सामना, बॉस्टनचं मैदान फेनवे पार्क, आठवी इनिंग, डेट्रॉइट ५-१ ने पुढे, दोन आउट, तिन्ही बेस भरलेले, समोर बॉस्टनचा डेव्हिड ऑर्टिझ. लेलँड यांनी नवव्या इनिंगची वाट न पाहता बेन्वाला आणलं. पहिल्याच चेंडूवर ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होमरन. डेट्रॉइटचा टोरी हंटर कुंपणावरून बुलपेनमध्ये उलटा पडला, तिथल्या पोलिसाचे दोन्ही हात वर गेले, आणि ५-५. माझं मत आजही हेच आहे की लेलँड यांचा निर्णय बरोबर होता. सामना त्या क्षणी तुटायला आला होता, आणि त्यांनी आपला सर्वांत चांगला माणूस त्या क्षणी आणला. ऑर्टिझ ऑर्टिझ होता, त्याला काय करणार. निकाल वाईट आला म्हणून निर्णय वाईट ठरत नाही. क्लोझरवर चिडणाऱ्यांनी तर हे आधी समजून घ्यावं.

"पण अनुभव लागतोच," असं म्हणणाऱ्यांना मी मारियानो रिवेराचं नाव सांगते. १९९६ मध्ये यांकीजचा क्लोझर जॉन वेटलँड होता, तोच वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेचा, एमव्हीपी. रिवेरा त्याच्या आधीच्या इनिंग टाकायचा. वेटलँड टेक्सासला गेला आणि १९९७ मध्ये काम रिवेराला मिळालं. सुरुवातीला तो अडखळला, मॅनेजर जो टोरे यांनी त्याला हलवलं नाही, आणि तो ६५२ सेव्हवर थांबला. पहिला सेव्ह प्रत्येकाला कधीतरी पहिल्यांदाच करावा लागतो.

दुसऱ्या टोकाचा मूर्खपणाही मला मान्य नाही. 'क्लोझर ठरवायचाच नाही, जो येईल तो टाकेल,' हे बॉस्टनने २००३ मध्ये करून पाहिलं. पहिल्याच सामन्यात टँपा बेच्या कार्ल क्रॉफर्डने होमरन मारून आघाडी उलटवली. कल्पनेत खोट नव्हती, पण बुलपेनमध्ये तेवढे चांगले पिचर कुठे होते? चार मध्यम माणसांना आळीपाळीने पाठवून एक उत्तम माणूस तयार होत नाही.

नवा क्लोझर निवडला की त्याच्या पाठीशी उभंही राहावं लागतं. २०१३ च्याच ऑक्टोबरमध्ये टँपा बेविरुद्धच्या मालिकेच्या तिसऱ्या सामन्यात होजे लोबाटोनने उएहाराला होमरन मारून सामना घेतला. आमच्याकडे लगेच कुजबुज सुरू झाली की म्हातारा थकला. फॅरल यांनी दुसऱ्याच दिवशी चौथ्या सामन्याचा शेवट त्याच्याच हाती दिला आणि मालिका तिथेच संपली. पुढे डेट्रॉइटविरुद्धच्या मालिकेत तीन सेव्ह, एक विजय आणि मालिकेचा एमव्हीपी. ३० ऑक्टोबरला फेनवेवर मॅट कार्पेंटरला स्ट्राइकआउट करून वर्ल्ड सिरीजही त्यानेच संपवली.

आता बेलीबद्दल, कारण त्याच्यावर फार अन्याय झाला असं मला वाटतं. त्या जूनमध्ये 'हा दबावात टिकत नाही' असं लोक त्याच्याविषयी सर्रास बोलत होते. जुलैमध्ये कळलं की त्याच्या खांद्यातलं लॅब्रम आणि कॅप्सूल, दोन्हीला इजा झाली आहे. शस्त्रक्रिया झाली आणि मुख्य लीगमध्ये परतायला त्याला २०१५ उजाडलं. फाटलेला खांदा घेऊन तो नववी इनिंग टाकत होता आणि आपण त्याची हिंमत मोजत होतो. म्हणून माझं म्हणणं असं की क्लोझर घसरला की पहिल्या दिवशी त्याचा वेग बघा, चेंडू कुठे पडतोय ते बघा, खांदा-कोपर डॉक्टरांना दाखवा. लागलेले फटके खणखणीत होते की बॅटच्या कडेला लागून रिकाम्या जागी पडले, तेही बघा. क्लोझर अख्ख्या हंगामात साठ-सत्तर इनिंग टाकतो. त्यातल्या तीन वाईट रात्रींवरून त्याच्या स्वभावाचा निवाडा कुणी करू नये.

बेली २०२४ च्या हंगामापासून रेड सॉक्सचा पिचिंग कोच झाला. २०२५ मध्ये बॉस्टनचा क्लोझर होता अरोल्डिस चॅपमन, वय ३७, आयुष्यभर वेगासाठी गाजलेला आणि वॉकसाठी बदनाम. त्या हंगामात त्याचे वॉक आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी झाले, आणि ते त्याच्या कारकिर्दीतल्या सर्वोत्तम वर्षांपैकी एक ठरलं.