मऊभात-मेतकुटातला गहू

गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर एकच मजकूर तीन ठिकाणांहून आला. ‘कोकणी माणसाला ग्लूटेन-फ्री दुकान कशाला हवं? आपलं ताट मुळातच ग्लूटेन-फ्री. पेज, घावणे, नाचणीची भाकरी, मासे. हा आजार वगैरे काही नाही, शहरातल्या पैसेवाल्यांचं खूळ आहे. थोडा गहू पोटात गेला म्हणून काय बिघडतं? अगदीच वाटलं तर खपली गहू खा.’ पाठवणाऱ्यांत माझी सख्खी नणंदही होती. माझ्या मुलीला सिलिॲक हा ग्लूटेनमुळे त्रास होणारा आजार आहे. आम्ही रत्नागिरीजवळ राहतो आणि वर्षातून दोन-तीनदा मुंबईच्या ग्लूटेन-फ्री किराणा दुकानातून पिशव्या भरून आणतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

आधी आजाराचं. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की सिलिॲक असलेल्या माणसाचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. आतड्याच्या आतले अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. आमची मुलगी चार वर्षांची असल्यापासून पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, हिमोग्लोबिन सातच्या पुढे जाईना. दोन वर्षं जंताची औषधं आणि लोहाची सिरपं झाली. मग एका डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी सांगितली, पुढे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासला, आणि निदान झालं. यावर औषध नाही. ग्लूटेन जन्मभर बंद, एवढाच उपचार. आपल्या देशात हा आजार गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेत बराच आढळतो, दक्षिणेत खूप कमी, हे खरं. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. आणि कोकणात आता गहू खात कोण नाही? रेशनवर तांदळासोबत गहू येतो, डब्यात चपाती असते, सकाळी उसळ-पाव.

‘आपलं ताट मुळातच ग्लूटेन-फ्री’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण निदान झाल्यावर आम्हीही हेच धरून चाललो होतो. चपाती, पाव, बिस्किटं, रव्याचा शिरा एका दिवसात बंद केलं. तिला दोन्ही वेळा मऊभात, वर तूप आणि सासूबाईंच्या हातचं मेतकूट. आजारी माणसाला यापेक्षा हलकं काय द्यायचं? सहा महिन्यांनी टीटीजी पाहिली तर आकडा जेमतेम हललेला. आहारतज्ज्ञ बाईंनी ताटातला एकेक पदार्थ विचारला आणि मेतकुटावर थांबल्या. सासूबाईंनी आठवून सांगितलं : हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, आणि वाटीभर गहू. सांगतानाच त्यांचा आवाज बसला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक डबा उघडून पाहिला. फोडणीतला हिंग : बाजारातल्या बहुतेक डब्यांत शुद्ध हिंग थोडा, बाकी गव्हाचं पीठ किंवा मैदा आणि डिंक. म्हणजे आमच्या डाळीत, आमटीत रोज गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू, वड्याच्या पिठात काही घरं गहू घालतात. बाजारच्या नाचणीच्या बिस्किटांत नाचणी नावापुरती, बाकी मैदा. खानावळीत सुरमई रव्यात घोळवतात. तुम्ही तांदळाचं पीठ लावायला सांगितलंत तरी तवा आणि तेल तेच.

आणि गिरण. आमचे गिरणवाले काका फार भले. मुलीचं कळल्यावर ते आधी जातं झाडायचे, मग आमची नाचणी दळायचे. एकदा मी पीठ पडतं तिथली कापडी नळी हाताने झटकली, तर ओंजळभर पांढरं पीठ खाली आलं. दिवसभराचा गहू तिच्यात बसलेला. काकांचा काही दोष नाही, त्या नळीतून गहू पूर्ण जाणं शक्यच नाही. आम्ही घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच पडत नाही.

‘थोडा गेला तर काय बिघडतं?’ भारतात ग्लूटेन-फ्री लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असून चालत नाही. असं अन्न मुलीने दिवसभरात अर्धा किलो खाल्लं तरी १० मिलिग्रॅमच्या आत राहतं. एका मध्यम चपातीत अंदाजे अडीच ग्रॅम ग्लूटेन धरलं, तर ते १० मिलिग्रॅम पोटात जायला चपातीचा अडीचशेवा भाग पुरे. पोळपाटावर चिकटून राहिलेली कणीक त्याहून जास्त असते.

खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. पचायला हलका असेल, सिलिॲकवाल्याला चालत नाही. हा सल्ला कृपया कुणालाही देऊ नका.

राहिलं ‘पैसेवाल्यांचं खूळ’. ग्लूटेन-फ्री सामान महाग आहे, मान्य. आजार नसताना कुणी ते घ्यावं असं मलाही वाटत नाही. मुंबईच्या दुकानातला केक-पास्ता बराचसा नुसता स्टार्च असतो, तो आम्हीही फारसा घेत नाही. आमची यादी छोटी : तांदळाच्या पिठातला हिंग, गव्हाविना केलेलं मेतकूट, सहलीसाठी पाव, तिच्या वाढदिवसाला बिस्किटांचा एक पुडा. त्या दुकानात पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलीने सवयीने प्रत्येक पाकीट उलटून माझ्यापुढे धरलं, ‘आई, हे वाच.’ मी म्हटलं, इथे काहीही घे. ती बराच वेळ नुसती उभी राहिली, मग चकलीचं पाकीट उचललं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. स्वतःला शंका असेल तर आधी रक्त तपासा, मग गहू सोडा. गहू आधीच सोडला की तपासणीत आजार दिसेनासा होऊ शकतो.

रत्नागिरीत मोठं दुकान उघडा असं कुणी म्हणत नाही. आमच्या नेहमीच्या किराणावाल्याला मी ग्लूटेन-फ्री हिंगाचा डबा दाखवला आणि विचारलं, मागवाल का? त्याने सहा मागवले. सुट्ट्या कणकेच्या पोत्याजवळ ठेवू नका म्हटल्यावर वरच्या फळीवर, अगरबत्तीशेजारी ठेवले. परवा गेले तर दोनच उरले होते. आम्ही एकच घेतला होता.