कॅमेरा आपल्या फाटकापुरता ठेवा

शेजारच्या काकूंनी वाळवणाची बाज पुढच्या अंगणातून उचलून मागच्या बोळीत नेली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपला कॅमेरा चुकीचा लागला आहे.

मार्चमध्ये आमच्या पोर्चमधून मुलाची सायकल चोरीला गेली. मी दिवसभर ऑफिसात, घरी बाबा एकटे. धास्तीच बसली. हालचाल झाली की मोबाइलवर कळवणारा कॅमेरा आणला. लावून देणाऱ्याने तो वरच्या गॅलरीच्या कठड्याला बसवला. "ताई, इथून पूर्ण गल्ली दिसते." मलाही तेच हवं होतं.

पहिल्याच दिवशी दीडशेच्या वर नोटिफिकेशन. दूधवाला, शाळेची व्हॅन, गाय, कडुलिंबाची फांदी, रात्री वळणावरून येणारे गाड्यांचे दिवे. चौथ्या दिवशी मी आवाज बंद करून टाकला. त्याच आठवड्यात पोर्चच्या नळाची पितळी तोटी कोणीतरी काढून नेली. रात्री २ वाजून १० मिनिटांनी मोबाइलवर सूचना आलेली होती. रेकॉर्डिंगमध्ये एक टोपी आणि दोन खांदे. एवढ्या उंचीवरून चेहरा दिसतच नाही.

म्हणजे माझी तोटी गेली ती गेलीच, वरून काकूंचं अंगणही गेलं. "पोरी, तो दिवसभर माझ्याकडंच पाहून राहिला, मी पापड्या कशा घालू?" असं त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. तो खटला सरकारविरुद्धचा होता, पण शेजारणीच्या अंगणाला तो मान द्यायला मला कोर्टाची गरज का लागावी?

पेंचच्या जंगलात वाघ मोजायला कॅमेरे लावतात, तेही हालचालीवरच चालतात. पण ते जंगलभर रोखलेले नसतात. जनावराच्या वाटेच्या कडेला, गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधतात. वाट नेमकी धरली की पट्टे ओळखू येतात. घराचंही तसंच आहे. येणारा फाटकातूनच येणार.

आता कॅमेरा पोर्चच्या खांबावर आहे, साधारण ८ फुटांवर, फाटकाकडे थोडा तिरपा. हा नवा, बॅटरीवरचा घेतला. जुना चित्रातला फरक मोजायचा, त्यामुळे सावली हलली तरी ओरडायचा. यात पीआयआर सेन्सर आहे, तो अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतो. सरळ अंगावर चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो, म्हणून तिरपा. मात्र आपल्या नागपुरात त्याची एक अडचण आहे. उन्हात तापलेल्या भिंती संध्याकाळी निवत निवत माणसाच्या अंगाइतक्या गरम होतात, तेव्हा त्याला अंग आणि भिंत यांतला फरक नीट कळत नाही. त्यामुळे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, एकदा दिवे लागायच्या वेळी स्वतः फाटकातून ये-जा करून बघा. कॅमेरा सावलीतच हवा, पश्चिमेचं ऊन थेट पडलं तर पारा ४५ पार असताना तो टिकत नाही. आणि लावून देणाऱ्याच्या मोबाइलवर आपलं लॉगिन राहू देऊ नका. पासवर्ड त्याच दिवशी बदला.

सर्वांत महत्त्वाचं काम मी काकूंना सोबत बसवून केलं. ॲपमध्ये बोटाने चौकोन आखता येतो. आमचं फाटक आणि पोर्च, एवढाच भाग हालचालीसाठी ठेवला. त्यांच्या कुंपणाचा जो कोपरा चित्रात येत होता, त्यावर काळा पट्टा टाकला. तिथलं आता रेकॉर्डही होत नाही. दिवसाला आठ-दहा सूचना येतात, आणि मी प्रत्येक उघडून बघते.

काकूंनी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही, आणि बरोबरच केलं. मोबाइल माझ्या हाती देऊन त्या आपल्या तुळशीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, पदर हलवला आणि तिथूनच ओरडल्या, "दिसून राहिली का मी?"

नाही दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाज पुढच्या अंगणात होती.