नाण्याला चिंच लावू नका: जुन्या ब्रिटिश चांदीबद्दलच्या एका फिरत्या संदेशाला उत्तर

गेले काही महिने मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून एक संदेश फिरतोय. इथे ब्रिटनमधल्या आमच्या गटांत तो आलाच, आणि मी नाणी जमवतो हे ठाऊक असलेल्या पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांनीही तो मला आवर्जून पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: घरात ब्रिटनचं जुनं चांदीचं नाणं असेल तर तुमचं नशीब उघडलं, नाणं जितकं जुनं तितकी किंमत जास्त, १९४७ च्या आधीची सगळी नाणी ९२.५ टक्के चांदीची. विकण्यापूर्वी चिंच किंवा टूथपेस्ट लावून ती लख्ख करा, भाव वाढतो. आणि विकत घेताना सीलबंद डबीत ग्रेडचा, म्हणजे नाण्याच्या अवस्थेच्या दर्जाचा, आकडा दिसला की डोळे मिटून घ्या.

यातलं फार तर एक वाक्य अर्धं खरं आहे. पण चिंचेचं वाक्य नुसतं चुकीचं नाही, ते वाचून लोक नाणी कायमची बिघडवताहेत. म्हणून आधी तेच घेतो.

लेस्टरला माझ्या मित्राचं घर आहे. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, १९६४ साली इथे आले आणि बसवर कंडक्टर झाले. सुट्ट्या पैशांत हाती आलेली जुनी नाणी ते बिस्किटांच्या डब्यात टाकत. काही नाणी त्यांनी रविवारच्या बाजारातून हौसेनं विकत घेतली होती. त्यात १८१७ सालचा एक हाफ क्राउन होता, म्हणजे अडीच शिलिंगांचं चांदीचं नाणं (तेव्हा वीस शिलिंगांचा एक पौंड). तिसऱ्या जॉर्जचा जाड मानेचा, भरल्या गालांचा चेहरा असलेला. इथले संग्राहक त्याला ‘बुल हेड’, म्हणजे बैलाचं डोकं, म्हणतात. अण्णा असताना मी ते नाणं दोनदा हातात घेतलं होतं. राखाडी रंग, कडेला निळसर झाक, आणि त्या रंगाखालून मूळची चकाकी जिवंत. कानावरच्या केसांच्या बटा वेगवेगळ्या मोजता येत होत्या. माझ्या वहीत त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली फाइन’, म्हणजे अगदी थोडं झिजलेलं, असं लिहिलेलं आहे.

गेल्या दिवाळीत वहिनींनी ते माझ्यापुढे ठेवलं. “भाऊजी, आता बघा कसं झळकतंय!” संदेश वाचून त्यांनी डब्यातली सहा नाणी चिंचेच्या कोळात भिजवून घासली होती.

मी ते दिव्याखाली तिरकं धरलं. गालावर, कपाळावर, मोकळ्या जागेत एकाच दिशेनं गेलेले केसासारखे बारीक ओरखडे. रंग पांढराफटक, नव्या स्टीलच्या वाटीसारखा. अक्षरांच्या कोपऱ्यांत मात्र जुना काळा मळ तसाच, आणि त्याच्या जोडीला चिंचेचा तपकिरी अंश. बटा अजून दिसत होत्या, पण त्यांच्या धारा बोथट झाल्या होत्या. दोनशे वर्षं त्या नाण्यानं जे सांभाळलं होतं ते एका दुपारी गेलं, आणि ते कुठल्याही उपायानं परत येत नाही.

वहिनींना मी दोष दिला नाही आणि देणारही नाही. देवाची चांदीची भांडी सणाआधी उजळणं ही आपली रीत. काळवंडलेली चांदी म्हणजे घरात हेळसांड, हे आपल्या मनात लहानपणापासून बसलेलं. पण निरांजन आणि नाणं यांत फरक आहे. निरांजन घासलं तरी निरांजनच राहतं. नाण्याचा सगळा जीव त्याच्या वरच्या थरात असतो.

तो थर म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. टांकसाळीत साचा चकतीवर आपटतो तेव्हा धातू दाबाखाली मधून कडेकडे सरकतो आणि सरकताना अतिसूक्ष्म रेषा सोडतो. या रेषांमुळे नवं नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखे प्रकाशाचे पट्टे त्यावरून फिरतात. मूळची चकाकी म्हणतात ती हीच. ती एकदाच, साचा आपटतो त्या क्षणी तयार होते. पुढे हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ पापुद्रा धरतो. तो अगदी पातळ असतो तेव्हा सोनेरी, जांभळा, निळा दिसतो. जाड झाला की काळा. या पापुद्र्याला मळ समजून घासलं की त्याच्याबरोबर रेषाही जातात. मग नाणं चमकतं, पण प्रकाश त्यावर फिरत नाही. जाणकाराला हे ओळखायला पाच सेकंदही लागत नाहीत, आणि तो ते नाणं बाजूला सारतो किंवा कितीतरी कमी भाव सांगतो. अमेरिकी ग्रेडिंग कंपन्या तर अशा नाण्याला साधा आकडाही देत नाहीत. ‘डीटेल्स’ असं लिहून पुढे साफ केल्याची नोंद करतात.

करायचंच असेल तर इतकंच करा. प्लास्टिकच्या जुन्या पाकिटामुळे नाण्यावर हिरवट चिकट थर आला असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब. नखांवरचा रंग काढायचं सुगंधी द्रावण नव्हे, शुद्ध अ‍ॅसिटोन. घासायचं नाही, पुसायचंही नाही. बाकी काळेपणाला हात लावू नका.

आता ‘जितकं जुनं तितकं महाग’. हे ऐकायला इतकं पटण्यासारखं आहे की खोडून काढायला उदाहरणंच द्यावी लागतात. १७८७ सालचे शिलिंग आणि सिक्सपेन्स (अर्धा शिलिंग) घ्या. ते बँक ऑफ इंग्लंडसाठी पाडले गेले, बाजारात फारसे फिरलेच नाहीत, त्यामुळे आज सव्वादोनशेहून जास्त वर्षांनीही चांगल्या अवस्थेत सहज मिळतात. सामान्य पगारदार माणसाला घेता येतील असे. उलट सातव्या एडवर्डचा १९०५ सालचा हाफ क्राउन ११८ वर्षांनी धाकटा, पण तो सुमारे १ लाख ६६ हजारच पाडला गेला, आणि एडवर्डच्या नाण्यांवरचा उठाव उथळ असल्यामुळे ती फार लवकर झिजली. बरी अवस्था असलेला १९०५ शोधण्यात माणसाची वर्षं जातात.

१८८७ ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्या वर्षी नवा चेहरा आला, डोक्यावर लहानसा मुकुट. त्या वर्षीच्या सिक्सपेन्सची मागची बाजू सोन्याच्या हाफ सॉव्हरिनसारखी होती आणि मूल्य कुठे लिहिलेलंच नव्हतं. लोकांनी त्याला सोन्याचा मुलामा देऊन तो अर्ध्या पौंडाचा म्हणून खपवायला सुरुवात केली. टांकसाळीला तो नमुना मागे घ्यावा लागला. आता हे दुर्मिळ होणार, असं समजून लोकांनी ती नाणी आणि त्या वर्षीची इतरही नाणी जपून ठेवली. सगळ्यांनीच जपल्यामुळे ती आजही भरपूर आहेत. वय नव्हे, किती पाडली, किती उरली, त्यातली किती चांगल्या अवस्थेत आहेत आणि मागणारे किती, यावर भाव ठरतो. १८४७ चा ‘गॉथिक’ क्राउन (पाच शिलिंगांचं नाणं) महाग आहे तो फक्त ८,००० च्या आसपास पाडला म्हणून, आणि कोरीवकार विल्यम वायननं त्यावर व्हिक्टोरिया अशी घडवली आहे की ती पाहिल्यावर डोळा हलत नाही.

चांदीच्या टक्केवारीचं वाक्य अर्धं खरं म्हणालो ते हेच. १९१९ पर्यंतची चलनातली नाणी ९२.५ टक्के, हे १८१६ मध्ये नाणी मोठ्या प्रमाणावर नव्यानं पाडली गेली तेव्हापासून तरी खात्रीनं म्हणता येतं. पण पहिल्या महायुद्धानंतर चांदी इतकी महागली की नाण्यातल्या धातूची किंमत त्यावरच्या आकड्याला गाठायला लागली. १९२० च्या कायद्यानं चांदी ५० टक्क्यांवर आणली. १९२० ते १९४६ हा सगळा काळ निम्म्या चांदीचा. १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांची झिजलेली नाणी पिवळट, मळकट दिसतात ती यामुळेच: वरचा चांदीचा थर गेला की खालचं मिश्रण उघडं पडतं. १९४७ पासून चांदी शून्य, तांबं आणि निकेल.

वजनं पाठ करून ठेवा, ती फार कामाला येतात. शिलिंग ५.६५ ग्रॅम, फ्लोरिन (दोन शिलिंगांचं नाणं) ११.३१, हाफ क्राउन १४.१४, क्राउन २८.२८. म्हणजे १९१९ पर्यंतच्या न झिजलेल्या हाफ क्राउनमध्ये शुद्ध चांदी साधारण १३.०८ ग्रॅम, आणि त्याच आकाराच्या १९३० च्या हाफ क्राउनमध्ये ७.०७. झिजलेल्या, सामान्य वर्षाच्या नाण्याला सराफाकडे याच हिशेबानं मोड मिळेल, तेवढं खरं. पण चर्चिलचा चेहरा असलेला १९६५ चा क्राउन किंवा १९८१ चा चार्ल्स-डायाना क्राउन घेऊन सराफाकडे जाऊ नका. डबीतल्या चांदीच्या प्रूफ, म्हणजे खास पद्धतीनं पाडलेल्या, आवृत्त्या १९८१ च्या आहेत, त्या वेगळ्या. बँकांतून मिळालेले साधे क्राउन निकेल-तांब्याचे आहेत. चर्चिलचे तर १ कोटी ९६ लाखांवर पाडले. डब्यातल्या जाडजूड नाण्याकडे आशेनं बघणाऱ्या कित्येक घरांत मला हे सांगावं लागलंय, आणि दर वेळी वाईट वाटतं.

ग्रेडच्या आकड्याबद्दल बोलताना आधी एका शब्दाचा घोळ सोडवतो. ‘फाइन’ लिहिलेलं नाणं म्हणजे उत्तम नाणं, असं आपल्याला वाटतं. ब्रिटिश पद्धतीत फाइन म्हणजे बरंच वापरलेलं, झिजलेलं, पण ठळक भाग ओळखू येणारं. त्यावर व्हेरी फाइन, त्यावर एक्स्ट्रीमली फाइन, मग अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेलं. प्रूफ ही ग्रेडच नाही. ती पाडण्याची खास पद्धत आहे आणि प्रूफ नाणंही खिशात फिरून झिजू शकतं. अमेरिकेतल्या पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या १ ते ७० असा आकडा देतात. त्यांचं काम उपयोगी आहे, विशेषतः खरं-खोटं ठरवायला. पण आकडा म्हणजे तज्ज्ञाचं मत. एकाच आकड्याची दोन नाणी शेजारी ठेवली तर एक डोळ्यात भरतं आणि दुसरं निस्तेज असतं. शिवाय डब्यांचीही नक्कल होते. म्हणून डबीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो समोरच्या नाण्याशी ताडून पाहावा, आणि तरीही डोळे उघडेच ठेवावेत.

डोळा तयार व्हायला एक उदाहरण पुरे. पाचव्या जॉर्जच्या १९११ नंतरच्या हाफ क्राउनवर मागच्या ढालीचा मधला भाग पुष्कळदा सपाट दिसतो. नवखा म्हणतो, झिजलंय. पण राजाचं डोकं इतकं उठावदार होतं की साचा आपटताना धातू तिकडे ओढला जाई आणि मागची बाजू पुरती भरत नसे. टांकसाळीनं १९२६ मध्ये चेहरा बदलला तो याच दुखण्यावर. मग ओळखायचं कसं? सपाट भागावर चकाकी फिरते का पाहा. फिरत असेल तर ठसा कच्चा बसलाय, नाणं झिजलेलं नाही. झिजेनं आधी चकाकी जाते, मग आकार. आणि म्हणूनच घासलेल्या नाण्याची ग्रेड ठरवणं इतकं अवघड होतं, ओळखायची खूणच पुसलेली असते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या. तुमच्या देव्हाऱ्यात किंवा आजीच्या पेटीत असलेला ‘राणीछाप’ म्हणजे बहुतेक वेळा ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया. तो ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. शिलिंग-क्राउनचे भाव त्याला लागू नाहीत. दुसरं, भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. लंडनच्या लिलावात विकून देतो म्हणणाऱ्याला नाणं आणि नोंदणीचे पैसे देऊन बसू नका. जुनी नाणी-नोटा विकून देण्याच्या नावाखाली आपलं नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्येच दिलाय.

अण्णांच्या डब्यात अजून चौतीस नाणी होती, न घासलेली. त्या संध्याकाळी वहिनी आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो. नाणी कडेनं धरायची, बोट सपाट भागावर ठेवायचं नाही, खाली मऊ कापड पसरायचं, एवढं मी दाखवलं. मग प्रत्येक नाणं आम्ही गंधकमुक्त कागदाच्या छोट्या पाकिटात घातलं आणि त्यावर वर्ष, नाव, वजन लिहिलं. शेवटून तिसरं निघालं एडवर्डचा १९०२ चा फ्लोरिन: जहाजावर उभी ब्रिटानिया, वाऱ्यानं उडणारा अंगरखा, हातात त्रिशूळ, आणि सगळ्यावर गडद करडा रंग. वहिनींनी ते दिव्याखाली तिरकं धरून सावकाश फिरवलं. “फिरतोय,” त्या म्हणाल्या. “प्रकाश फिरतोय, भाऊजी.”