बाउंटी हंटरला ‘दार तोडायचा हक्क’? फिरत्या मेसेजमध्ये काय चुकलंय

अमेरिकेतल्या बाउंटी हंटरांबद्दल, म्हणजे जामीन बुडवून पळालेल्या आरोपींना पैशांसाठी पकडणाऱ्या खासगी माणसांबद्दल, एक मजकूर ग्रुपांवर पुन्हापुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा: ‘अमेरिकेत बाउंटी हंटर व्हायला लायसन्स लागत नाही. १८७२ साली सुप्रीम कोर्टानेच त्यांना पोलिसांपेक्षा जास्त अधिकार दिले. वॉरंट नको, कुठल्याही राज्यात जा, कुणाचंही दार तोडा, फरारी आरोपी उचला आणि सरकारी बक्षीस घ्या. बॅज ऑनलाइन मिळतो, बंदूक घेतली की धंदा सुरू.’ यात एकदोन अर्धसत्यं आहेत, म्हणूनच तो खरा वाटतो. त्याच्या भरवशावर कुणी घरात घुसलं तर मात्र थेट तुरुंग.

बक्षिसापासून सुरुवात करू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. समजा, कॅलिफोर्नियात कोर्टाने ५०,००० डॉलरचा जामीन ठरवला. आरोपीकडे एवढी रक्कम नसते. तो बेल बाँड एजंटकडे जातो आणि साधारण १० टक्के, म्हणजे ५,००० डॉलर फी भरतो. ही फी परत मिळत नाही. एजंट विमा कंपनीच्या पाठबळावर पूर्ण रकमेची हमी, म्हणजे बाँड, कोर्टाला लिहून देतो. आरोपी तारखेला आला नाही की कोर्ट बाँड जप्तीचा आदेश काढतं. त्यानंतर एजंटच्या हातात १८० दिवस असतात, नोटीस टपालाने आली असेल तर १८५. तेवढ्यात माणूस कोर्टाच्या ताब्यात आला तर ५०,००० वाचले, नाहीतर गेले. बाउंटी हंटर नेमला जातो तो या मुदतीसाठी. सरकार त्याला एक पैसाही देत नाही. एजंट त्याला बाँडच्या रकमेतला ठरलेला हिस्सा देतो, तोही सहसा माणूस हजर झाल्यावर. म्हणजे त्याचा सगळा अधिकार आरोपी आणि जामीनदार (इथे तो एजंट) यांच्यातल्या करारातून येतो. हे डोक्यात पक्कं बसलं की बाकीच्या दाव्यांमधली हवा आपोआप जाते.

‘१८७२ साली सुप्रीम कोर्टाने अधिकार दिले.’ खटला टेलर विरुद्ध टेंटर. त्यात असं वाक्य आहे खरं की जामीनदार आरोपीचा दुसऱ्या राज्यात पाठलाग करू शकतो, रविवारी पकडू शकतो, गरज पडली तर त्याच्या घराचं दार तोडून आत जाऊ शकतो. मेसेजवाले एवढंच कापून घेतात. कोर्टासमोरचा प्रश्न वेगळाच होता. कनेटिकटमधल्या चोरीच्या खटल्यातला आरोपी ८,००० डॉलरच्या जामिनावर सुटला आणि न्यूयॉर्कला गेला. तिथून त्याला दुसऱ्या गुन्ह्यासाठी मेन राज्याच्या हवाली केलं गेलं. साहजिकच तो कनेटिकटच्या तारखेला येऊ शकला नाही. जामीनदारांचं म्हणणं होतं की माणूस सरकारनेच नेला, आमचे पैसे कशाला बुडवता? कोर्टाने ते मानलं नाही. जामीनदार हरले! दार तोडण्याबद्दलचं वाक्य हे निकालात ओघाने आलेलं जुन्या परंपरेचं वर्णन आहे, त्या खटल्यात कुणाचंही दार तुटलं नव्हतं. आणि परंपरेने आलेला अधिकार विधिमंडळ कायदा करून कमी करू शकतं, काढूनही घेऊ शकतं. राज्याराज्यांनी नेमकं तेच केलं आहे.

‘लायसन्स लागत नाही.’ काही राज्यांत या कामासाठी वेगळा परवाना नाही, एवढं खरं. पण ते सगळ्या देशाला लावणं ही मोठी चूक आहे. इलिनॉय, केंटकी, ऑरेगन आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी पैसे घेऊन जामीन देण्याचा धंदाच बंद केला. इलिनॉयने तर १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीनच रद्द केला. जिथे बाँड लिहिला जात नाही, तिथे त्या बाँडसाठी पळणारा तरी कुठून येणार?

फ्लोरिडात स्वतःला ‘बाउंटी हंटर’ म्हणवून घ्यायलाच कायद्याने मनाई आहे. जामिनावरचा माणूस पकडायचा अधिकार तिथे पोलिसांना, परवानाधारक बेल बाँड एजंटला किंवा जिथे बाँड लिहिला गेला त्या राज्याचा समकक्ष परवाना असलेल्यालाच आहे. नॉर्थ कॅरोलायनात ‘रनर’ला (बाँड एजंटसाठी फरारी पकडून आणणाऱ्याला) परवाना लागतो आणि तो एकाच बाँड एजंटकडे काम करू शकतो, म्हणजे फुटकळ कामं घेत फिरण्याचा मार्ग बंद. टेक्ससमध्ये परवानाधारक खासगी गुप्तहेर किंवा परवानाधारक सुरक्षा कंपनीचा शस्त्रधारी अधिकारी असावं लागतं. नेवाडात वय २१, बारावीच्या तोडीचं शिक्षण, मादक पदार्थांची चाचणी, मानसिक तपासणी आणि ८० तासांचं प्रशिक्षण. न्यूयॉर्कमध्ये २५ तासांचा अभ्यासक्रम आणि ५,००,००० डॉलरचा हमीबाँड. कनेटिकटमध्ये किमान २० तासांचं प्रशिक्षण. जॉर्जियात वय २५ आणि अमेरिकेचं नागरिकत्व, त्यामुळे तिथल्या एच-वन-बीवरच्या मराठी मंडळींनी हा ‘साइड बिझनेस’ मनातूनच काढून टाकावा. कॅलिफोर्नियात आधी प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं पुरत होती, १ जुलै २०२३ पासून विमा खात्याचा स्वतंत्र परवाना लागतो.

परवान्याची माहिती शोधणारे एका जागी हमखास अडकतात. परवाना पोलिसांकडे असेल असं धरून चालतात आणि काही सापडलं नाही की ‘लायसन्स लागत नाही’ असं ठरवून मोकळे होतात. कॅलिफोर्निया, नेवाडा आणि नॉर्थ कॅरोलायनात ते काम विमा खात्याकडे आहे, कारण बेल बाँड हा विम्याचा प्रकार मानला जातो. फ्लोरिडात वित्तसेवा खातं, टेक्ससमध्ये सार्वजनिक सुरक्षा खातं, व्हर्जिनियात फौजदारी न्यायसेवा खातं बघावं लागतं.

‘कुठल्याही राज्यात जा.’ सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. बाँड एका राज्यात लिहिलेला, माणूस दुसऱ्यात लपलेला, तर माणूस जिथे आहे तिथला कायदाही पाळावाच लागतो. बाहेरच्या राज्याचा जामीन बुडवून कोणी कॅलिफोर्नियात आला असेल, तर जामीनदाराने त्या काउंटीतल्या मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि वॉरंट घ्यायचं, अशी तिथली तरतूद आहे. नेवाडातून आलेल्या जामीनदाराच्या माणसांनी ही पायरी गाळली, तेव्हा १९७४ मध्ये फेडरल अपील कोर्टाने त्यांना १८७२ च्या निकालाचा आसरा दिला नाही. केंटकीतही आधी न्यायाधीशाकडून वॉरंट घ्यावं लागतं. ऑरेगनच्या अपील कोर्टाने १९७८ मध्येच बाहेरच्या जामीनदाराचा परस्पर अटकेचा हक्क नाकारला. त्यामुळे ‘वॉरंट नको’ हे सगळीकडे खरं नाही, बाँडच्या राज्याबाहेर तर ते धरून चालूच नये.

देशाबाहेर तर विषयच संपला. १९८१ मध्ये फ्लोरिडाच्या बाँड कंपनीच्या माणसांनी टोरंटोतून एका कॅनेडियन माणसाला उचलून नेलं. कॅनडाने त्याला अपहरण ठरवलं, १९८३ मध्ये अमेरिकी अपील कोर्टाने उचलणाऱ्याच्या प्रत्यार्पणाला मान्यता दिली, आणि कॅनडात त्याला शिक्षा झाली. २००३ मध्ये, पुढे टीव्हीमुळे गाजलेला बाउंटी हंटर ड्वेन चॅपमन याने मेक्सिकोत बलात्काराबद्दल दोषी ठरलेल्या एका फरारी माणसाला पकडलं. मेक्सिकन पोलिसांनी चॅपमनलाच अटक केली. तो खटला २००७ पर्यंत त्याच्या मानेवर होता. पकडलेला माणूस दोषी असणं हा बचाव होत नाही.

‘कुणाचंही दार तोडा.’ यातला ‘कुणाचंही’ हा शब्द सगळ्यात घातक. करारावर सही आरोपीची आहे. त्याच्या बहिणीने, घरमालकाने किंवा मैत्रिणीने घरात घुसायची परवानगी लिहून दिलेली नाही. आरोपी तिथे मुक्कामाला आहे एवढ्यावर त्यांचं दार तोडलं तर घरफोडी, मारहाण, बेकायदा डांबणं असे गुन्हे लागू शकतात आणि भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. टेक्ससमध्ये तर आरोपीच्या स्वतःच्या घरातही आत असलेल्यांच्या संमतीशिवाय पाऊल टाकता येत नाही. ॲरिझोनातही संमती लागते. तिथे हा नियम येण्यामागे फिनिक्समधली १९९७ ची घटना आहे. हत्यारबंद माणसं घरात घुसली, एक जोडपं मारलं गेलं. आपण कॅलिफोर्नियाच्या फरारीला शोधणारे बाउंटी हंटर आहोत असा त्यांचा दावा होता. पुढे तो दरोड्यावरचा बुरखा निघाला. दार तोडायचा सरसकट हक्क मान्य केला की बुरखा किती सहज मिळतो, ते इथे दिसतं.

वॉशिंग्टन राज्य दार तोडायला परवानगी देतं, पण अटी वाचा. आरोपी आतच आहे असं मानायला सबळ कारण हवं. आधी स्थानिक पोलिसांना कळवायचं. अंगावर असा पोशाख हवा की पुढे आणि मागे, किमान दोन इंच उंचीच्या, उजेड पडला की चमकणाऱ्या अक्षरांत ‘बेल एन्फोर्समेंट’ किंवा तसे शब्द लिहिलेले असतील. अक्षरांची उंचीसुद्धा कायद्याने ठरवली, कारण रात्री दोन वाजता दार फुटल्यावर आतल्या माणसाला समोरचा चोर आहे की कोण, हे एका क्षणात ओळखायचं असतं. ते ओळखता आलं नाही तर आतून गोळी सुटते.

कॅलिफोर्नियात बाउंटी हंटरने पकडायला जाण्यापूर्वी, जास्तीत जास्त सहा तास आधी, स्थानिक पोलिसांना कळवायचं असतं. जवळ बाँडची प्रमाणित प्रत हवी आणि तिच्यावर एजंटचं लेखी अधिकारपत्र हवं. पकडल्यानंतर ४८ तासांत माणूस कोर्टाच्या किंवा पोलिसांच्या हवाली करायचा, ही मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी दुपारी बाराच्या आत. मोटेलच्या खोलीत ठेवून ‘बाकीचे पैसे आणा’ म्हणून घरच्यांना फोन लावणं ही खंडणी आहे.

‘बॅज आणि बंदूक.’ बॅज कुणालाही विकत मिळतो, पण पोलिस असल्याचा भास होईल असा बॅज किंवा गणवेश वापरायला टेक्सस आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे बंदी आहे. या धंद्यामुळे बंदुकीचा कुठलाही जादा हक्क मिळत नाही. स्वतःच्या राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही, आणि गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला फेडरल कायदा बंदूक बाळगू देत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घराच्या दारावर कधी अशी थाप पडलीच, तर कडी काढू नका. आतूनच विचारा: परवान्याचा नंबर काय, कुठल्या राज्याचा, बाँडची प्रत आणि अधिकारपत्र खिडकीतून दाखवा, ज्याला शोधताय त्याचं नाव काय. तेवढ्यात ९११ ला फोन लावून विचारा की अशी पूर्वसूचना आली आहे का. जिथे कळवणं सक्तीचं आहे, तिथे पोलिसांकडे ती नोंद असायला हवी. नसेल तर तसं स्पष्ट सांगा, पोलिस येईपर्यंत दार बंद ठेवा आणि फोन चालू ठेवा.